सहा अक्षरांचा शब्द

आबासाहेबांनी दोन डब्यांतून तीन चिठ्ठ्या काढल्या, उघडल्या आणि त्यांना हसूच आलं.

"अहो गव्हाळे सर, हे बघा काय निघालं! आकडा सहाचा, आणि अक्षरं कुठली? तर क्यू आणि झेड!"

हॉलभर हशा पिकला. सतरंजीवर बसलेली सात-आठ शाळांची पोरं हसली, त्यांना घेऊन आलेले मास्तर हसले. टेबलामागे परीक्षक म्हणून बसलेले गव्हाळे सर, म्हणजे माझे वडील, अण्णा, तेही हसले.

मी आणि जैतून तडवी टेबलाच्या दोन कोपऱ्यांना उभ्या होतो. सकाळपासून चाललेल्या स्पर्धेत आम्ही दोघीच उरलो होतो. खेळ साधा होता. एका डब्यात आकडे, दुसऱ्यात इंग्रजी अक्षरं. एक आकडा आणि दोन अक्षरं निघायची. तेवढ्या लांबीचा, ती दोन्ही अक्षरं असलेला शब्द जी आधी फळ्यावर लिहील तिचा गुण. माणसांची, गावांची, कंपन्यांची नावं चालत नव्हती. शेवटी जी जिंकेल तिला आमच्या शिक्षण संस्थेच्या शहरातल्या शाळेत आठवीपासून दहावीपर्यंत जागा मिळणार होती, वसतिगृहासकट.

आमची शाळा सातवीपर्यंतच होती. गाव लेण्यांच्या पायथ्याशी, आणि पुढचं हायस्कूल चौदा किलोमीटरवर. मुलगे सायकलवर जायचे. मुली घरी बसायच्या. माझं तसं होणार नव्हतं, कारण माझे वडील मास्तर होते. जैतूनचे वडील लेण्यांखाली फडक्यावर गारा मांडून विकायचे. विहीर खणताना काळ्या दगडाच्या पोटात सापडतात त्या चमकदार गारा. शाळा सुटली की जैतून तिथंच जाऊन बसायची आणि गोऱ्या लोकांशी बिनधास्त बोलायची. तिचं व्याकरण सगळं चुकायचं, पण शब्द तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त होते.

दोघी अण्णांच्याच विद्यार्थिनी. स्पर्धेआधी अण्णा आबासाहेबांना म्हणाले होते, "माझी मुलगी आहे स्पर्धेत, परीक्षक दुसरा कोणी नेमा." आबासाहेब संस्थेचे अध्यक्ष. ते म्हणाले, "सर, तुम्ही म्हणजे हरिश्चंद्र. शाळेतला खडूचा तुकडासुद्धा घरी नेत नाही. आणि तालुक्यात तुमच्याइतकं इंग्रजी आहे कुणाला?"

ते खरंच होतं. कुणाला अर्ज लिहायचा असो, कुणाची तार वाचायची असो, लोक अण्णांकडे यायचे. गावात डिक्शनरी एकच होती, खाकी कागदाचं कव्हर घातलेली, अण्णांची. त्या दिवशीही ती टेबलावर होती.

"चिठ्ठ्या परत टाका, आबासाहेब," अण्णा म्हणाले. "असा शब्द इंग्रजीत नाही. क्यूच्या मागं यू येतो, आणि त्यात पुन्हा झेड? शक्यच नाही."

अण्णांचा तो आवाज मला पाठ होता. त्या आवाजात ते वर्गात बोलले की विषय संपायचा.

"सर, आहे."

जैतून हात वर करून उभी होती.

"काय आहे?"

"शब्द आहे, सर."

कुणी काही म्हणायच्या आत ती फळ्याशी गेली आणि लिहू लागली. क्यू, यू, ए, आर, टी, झेड. झेडच्या पोटातून तिनं एक आडवी रेघ ओढली, परदेशी लोक ओढतात तशी.

"वाच बरं," आबासाहेब म्हणाले.

"क्वाट्स."

"म्हणजे काय?"

"गारगोटी, साहेब. आम्ही विकतो ना, त्यातली पांढरी. बाहेरचे लोक तिला क्वाट्स म्हणतात."

पुन्हा हशा. एक मास्तर दुसऱ्याला म्हणाले, "गारगोटीलाही इंग्रजी नाव!" जैतूनचे कान लाल झाले, पण ती फळ्यापासून हलली नाही. तेवढ्यात दाराशी उभा असलेला शिपाई भिकन बोलला, "साहेब, घड्याळावर बी तसंच लिव्हलंय की."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. खरंच, घड्याळाच्या तबकडीवर काट्यांच्या खाली बारीक अक्षरांत तेच लिहिलेलं होतं.

"अरे, ते कंपनीचं नाव आहे," आबासाहेब म्हणाले. "नावं चालत नाहीत, नियमच आहे. काय सर?"

"बरोबर," अण्णा म्हणाले.

"तरी डिक्शनरी बघून टाका एकदा. पोरीचं समाधान होऊ दे."

अण्णांनी डिक्शनरी उघडली. क्यूची पानं थोडीच असतात. त्यांचं बोट एका रकान्यावरून खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. वाचताना ओठ हलवायची त्यांना सवय होती. ते हलले. मी टेबलाच्या कोपऱ्याला होते. पान मला उलटं दिसत होतं, पण नखाखालची ती सहा अक्षरं मला उलट्या बाजूनंही वाचता आली.

अण्णांनी मान वर केली. आधी आबासाहेबांकडे बघितलं, मग समोर बसलेल्या मास्तरांकडे, मग माझ्याकडे.

"नाही," ते म्हणाले आणि डिक्शनरी मिटली.

भिकननं फळा पुसला. नव्या चिठ्ठ्या निघाल्या. आकडा पाच, अक्षरं एल आणि एम. मी धावत जाऊन 'लेमन' लिहिलं. जैतून जागची हललीच नाही. ती पुसलेल्या फळ्याकडे बघत होती. टाळ्या वाजल्या, आबासाहेबांनी माझ्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला.

येताना एसटीत आम्ही सगळे एकाच बाकाच्या आसपास होतो. अण्णांनी पुडा सोडला आणि जैतूनला पेढा दिला. तिनं घेतला. गाव येईपर्यंत तो तिच्या मुठीत तसाच होता.

घरी आल्यावर अण्णा सदरा काढून खुंटीला अडकवत होते, तेव्हा मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. आई पाणी आणायला गेली होती.

"अण्णा, तो शब्द होता."

"कुठला?"

"जैतूनचा. तुमचं बोट तिथं थांबलं. मी वाचला."

सदरा खुंटीवरून खाली पडला. तो त्यांनी उचलला नाही. खाटेवर बसले आणि मला जवळ बोलावलं.

"वनू, तुला शहरात शिकायचंय ना?"

"हो."

"मग? बापाला काय वाटत असेल?" ते थांबले. "मी जे केलं ते तुझ्यासाठी केलं. हे आता कुणापुढं बोलायचं नाही. आईपुढंही नाही."

मी मान हलवली. छातीवर ओझं ठेवल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर त्या ओझ्याखाली मला थोडं सुखही वाटत होतं. ज्या माणसानं कधी खडूचा तुकडा घरी आणला नाही, तो माझ्यासाठी भर सभेत खोटं बोलला होता. मी तेरा वर्षांची होते. बाप आपल्यावर इतकी माया करतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी मागच्या अंगणात बंब पेटवला आणि पुढचं दार झाडायला आले, तर समोर जैतून. धुतलेला फ्रॉक, तेल लावून घातलेल्या दोन वेण्या. हातात चार घड्या घातलेला जाड गुळगुळीत कागद होता.

"सर आहेत?"

"का गं?"

तिनं कागद उघडला. त्यावर दगडांचे रंगीत फोटो होते आणि प्रत्येकाखाली इंग्रजीत नाव. तिसऱ्या फोटोखाली तो शब्द छापलेला होता.

"हे बघ. हे काही घड्याळाच्या कंपनीचं नाही. एका साहेबानं बापाला दिलंय. सरांना दाखवते. त्यांच्या डिक्शनरीत राहून गेला असेल शब्द. जुनी आहे ना ती." ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. सर खोटं बोलले असतील असं तिच्या मनातही नव्हतं.

"अण्णा बाजाराला गेलेत," मी म्हणाले.

त्याच वेळी मागच्या अंगणात अण्णा खोकले. जैतूननं माझ्याकडे बघितलं.

"ते आमचे मामा आलेत."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग कागदाची पुन्हा नीट घडी घालून तिनं तो माझ्या हातात दिला. "सरांना दाखव. पण उद्या शाळेत परत दे हं. बापाचा आहे. त्याला न विचारता आणलाय."

ती वळणापर्यंत जाईस्तोवर मी दारातच होते. मग मागं गेले. अण्णा विहिरीपाशी दाढी करत होते, पाठ माझ्याकडे. बंबातली लाकडं चांगली पेटली होती. मी कागद आत टाकला. रंगीत कागद पटकन जळत नाही. कडेनं हिरव्या ज्वाळा निघाल्या, मग तो वाकडा झाला, मग संपला. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण अण्णा माझ्यासाठी एवढं खोटं बोलले, तर त्यांना सांभाळणं माझं काम आहे, असं मला वाटलं. त्याच पाण्यानं त्यांनी आंघोळ केली.

सोमवारी जैतूननं कागद मागितला. "अण्णांनी ठेवलाय," मी म्हणाले. मंगळवारी मागितला तेव्हा म्हणाले, "हरवला." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वार्षिक परीक्षेला ती आली, माझ्यापासून लांब बसली, एकदाही बोलली नाही. जूनमध्ये मी ट्रंक घेऊन शहरात गेले.

मी शिकले, फार्मसीची पदविका घेतली, लग्न होऊन जळगावला आले. नवऱ्याचं आणि माझं मेडिकलचं दुकान आहे. आई गेल्यावर अण्णा आमच्याकडेच राहायला आले. या सगळ्या वर्षांत जैतूनची आठवण आली की मी स्वतःला एकच गोष्ट सांगायची. बापानं लेकीसाठी केलं. कुठला बाप करणार नाही? आणि हे मनात आलं की अण्णांच्या ताटात मी भाजी जरा जास्त वाढायची.

पाच वर्षांपूर्वी हिवाळ्यात मुंबईची नणंद लेणी बघायला आली. तिला घेऊन मी गेले, पण वर चढले नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. खाली दुकानांची रांग होती, मूर्ती, माळा, दगड. मी एकेक दुकान बघत चालले. कशासाठी, ते मला माहीत होतं.

रांगेतल्या शेवटून तिसऱ्या दुकानात एक बाई कोरियाच्या दोन मुलींना गारा दाखवत होती. इंग्रजी सगळं मोडकं, पण कुठंही न अडखळता. मुली गेल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचा हात गारांवरच थांबला.

"गव्हाळे सरांची वनिता ना तू?"

"ओळखलंस?"

"तुझी हनुवटी सरांसारखी आहे." तिनं स्टूल पुढं सरकवलं. "बस. चहा सांगते."

चहा आला. दोन मुलगे आहेत, मोठा गाडी चालवतो, नवरा जाऊन चार वर्षं झाली, हे तिनं सांगितलं. मी दुकानाचं सांगितलं. मग कप खाली ठेवून मी म्हणून टाकलं.

"जैतून, तो शब्द बरोबर होता. अण्णांना डिक्शनरीत दिसला होता. मी समोर होते. ते खोटं बोलले, माझ्यासाठी."

ती फडक्यानं एक गार पुसत होती. पुसणं थांबलं नाही.

"तुझ्यासाठी?"

"हो. ती जागा मला मिळावी म्हणून."

"असं सांगितलं त्यांनी तुला?"

"त्याच दिवशी."

"मला वेगळं सांगितलं," ती म्हणाली.

मला कळेना. "तुला? कधी?"

"माझा मोठा तेव्हा चार महिन्यांचा होता. म्हणजे पाच वर्षं झाली असतील स्पर्धेला. सर आले. तेव्हा दुकान नव्हतं, फडकंच होतं. खाली पोत्यावर बसले आणि म्हणाले, 'जैतून, मला तो शब्द येत नव्हता. आबासाहेबांपुढं, सगळ्या मास्तरांपुढं, असा शब्दच नाही असं मी बोलून बसलो होतो. पुस्तकात दिसला, पण आहे म्हणायला तोंड उघडेना.' रडायला लागले गं. गिऱ्हाइकं उभी राहून बघत होती."

"आणि माझं काय म्हणाले?"

"तुझं नाव नाही निघालं."

पुढचं मी फक्त ऐकत होते. अण्णांनी तिच्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आणला होता. घरी बसून दहावी दे, मी रोज येऊन शिकवतो, म्हणाले होते. सासू म्हणाली, पोर कोण सांभाळणार? "आणि मीही नको म्हणाले," जैतून म्हणाली. "तोवर सगळं विसरले होते. लाजही वाटली."

तिनं गार जागेवर ठेवली, दुसरी उचलली.

"मी सरांना एकच विचारलं. म्हटलं, माझा कागद कुठाय? ते म्हणाले, कुठला कागद?"

आता तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. मला नजर खाली घालता आली नाही.

"मी जाळला," मी म्हणाले. "अंगणातल्या बंबात. अण्णांना दाखवलाच नाही."

"हं."

तिनं हातातली गार खाली ठेवली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "त्याच्या मागच्या बाजूला साहेबाचा पत्ता होता, हातानं लिहिलेला. माझा बाप उन्हाळाभर विहिरी-विहिरींवर फिरून त्याच्यासाठी गारा जमवत होता. पेटी भरून ठेवली होती, पाठवायची म्हणून. पाठवायच्या वेळी बघतो, तर पत्ता मी घालवलेला. बापानं मला कधी बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी मारलं. म्हणाला, 'शाळेच्या नादानं घरातली वस्तू बाहेर जाते, आता बस झालं.' स्पर्धा हरले म्हणून नाही शाळा सुटली माझी. हायस्कूलला पाठवणार होता तो. मामाकडे ठेवणार होता, बोलणं झालं होतं."

पर्यटकांची एक बस येऊन थांबली. माणसं उतरू लागली. मी तिचा हात धरायला गेले, तिनं तो फडक्यात गुंडाळून घेतला.

"जैतून, मला माफ कर."

"सरही असंच म्हणाले होते. त्यांना मी केलं म्हणाले. सर होते, म्हातारे दिसत होते, रडत होते. काय म्हणणार? पण तुला नाही म्हणत." आवाज चढलेला नव्हता. गारेची किंमत सांगावी तसं ती सांगत होती. "आणि आता पुन्हा येऊ नका. तूही नको, सरही नको. धंद्याची जागा आहे."

ती उठली आणि बसमधून उतरलेल्या लोकांना हाक मारू लागली.

संध्याकाळी घरी आले तेव्हा अण्णा गॅलरीत भिंग धरून पेपर वाचत होते. नणंद फोटो दाखवायला आत गेली. मी अण्णांसमोर बसले.

"जैतून भेटली."

त्यांनी भिंग पेपरवर ठेवलं. पेपराची घडी घातली. ती वाकडी झाली म्हणून पुन्हा घातली.

"सगळं सांगितलं तिनं?"

"हो. तुम्ही मला का नाही सांगितलंत, अण्णा? इतकी वर्षं मी समजत होते की..."

"काय सांगायचं होतं? तुझ्या बापाला येत नव्हतं, हे?" त्यांचा आवाज घोगरा झाला होता. "तू मागं येऊन उभी राहिलीस आणि पहिलं जे सुचलं ते बोललो. लेकीसाठी खोटं बोललेला बाप तुला चालला असता. न येणारं झाकायला खोटं बोललेला चालला नसता."

"तो कागद मी जाळला होता."

"माहीत आहे."

"कसं?"

"ती कागदाचं म्हणाली तेव्हाच कळलं, कुणी नेला असेल ते. तुला विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं, तर तूही मला विचारलं असतंस."

आत नणंद कशाला तरी मोठ्यानं हसली. अण्णा खाली रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वनू, एकदा मला घेऊन चल तिच्याकडे."

"ती नको म्हणाली."

"कुणाला? मला की तुला?"

"दोघांनाही," मी म्हणाले.